खर्जाची जागा

मुलचेरा येथील बाजाराच्या रस्त्यावर एक किराणा दुकान आहे. रात्री साडेआठच्या सुमारास त्याचे शटर खाली ओढले जाते, गल्ल्याची मोजदाद होते, रोजकीर्द लिहून पूर्ण होते आणि मग मागच्या गोदामात दिवा लागतो. तांदूळ, डाळी आणि ढेप यांच्या पोत्यांच्या थप्प्या, कोपऱ्यात वजनकाटा, वर पत्र्याचे छप्पर. अशा या जागेत आठवड्यातील दोन रात्री पाच माणसे वाद्ये घेऊन बसतात. की-बोर्डवर एक शाळामास्तर असतात, गाणारे गृहस्थ वनरक्षक आहेत, ऑक्टोपॅड वाजवणारा मुलगा दिवसा दुचाक्या दुरुस्त करतो आणि सत्तरी ओलांडलेले एक बंगाली शेतकरी मांडीवर खोल घेऊन बसतात. पाचवा दुकानदारांचा धाकटा मुलगा. तो बेस गिटार वाजवतो. यांपैकी कोणाचेही पोट संगीतावर चालत नाही, आणि चालावे अशी कोणाची अपेक्षाही नाही.

गोदामाची निवड प्रथम केवळ सोय म्हणून झाली होती. पुढे लक्षात आले की तालमीला याहून चांगली जागा शोधूनही सापडली नसती. मोकळ्या खोलीत भिंतींवर आपटून आवाज माघारी येतो आणि सगळी वाद्ये एकमेकांत कालवली जातात. भरलेली पोती तो आवाज पिऊन टाकतात. दिवाळीनंतर माल भरलेला असतो तेव्हा तालीम सुरेख होते आणि पावसाळ्याच्या तोंडी थप्प्या उतरल्या की गोदाम घुमू लागते, असा या मंडळींचा अनुभव आहे. मालाच्या साठ्यावरून संगीताची प्रत ठरावी, हा योग व्यापाऱ्याच्याच घरी यायचा.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. मुलचेरा हा त्याच्या दक्षिण भागातील जंगलपट्ट्याचा तालुका. येथे माडिया आणि गोंड वस्त्या आहेत, तेलुगू बोलणारी घरे आहेत, आणि पूर्व पाकिस्तानातून विस्थापित होऊन आलेल्या व साठच्या दशकात शासनाने येथे व शेजारच्या चामोर्शी भागात वसवलेल्या बंगाली कुटुंबांची गावे आहेत. त्यामुळे कानावर पडणारे संगीतही एकाच घाटाचे नाही. बंगाली गावांत दुर्गापूजा, सरस्वतीपूजा आणि नामसंकीर्तन चालते. दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथील नाट्यमंडळ्या गावोगावी रात्रभर प्रयोग करतात. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला तिचे नाव नव्याने कळले. या नाटकांत संगीत प्रत्यक्ष वाजवले जाते. पूर्वी ऑर्गन, तबला, क्लॅरिओनेट असे. आता की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत. दुकानदारांच्या धाकट्या मुलाने लहानपणी पहाटेपर्यंत जागून जी नाटके पाहिली, त्यांतील संवाद त्याला फारसे आठवत नाहीत. वादकांच्या बाजूला बसायला मिळाले होते, एवढे मात्र स्पष्ट आठवते.

त्याला खरे तर तबला शिकायचा होता. परंतु त्यांच्या घरात कातड्याची वस्तू येत नाही. चप्पल कापडाची किंवा रबराची, पाकीट कापडी, कंबरपट्टाही तसाच. समाजात असा सरसकट नियम आहे असे नव्हे. अनेक जैन घरांत आणि मंदिरांत ढोलक वाजतो, त्यावर भक्तीची पदे रंगतात. पण या घरात आजींचा तो नेम होता आणि मुलाने तो कधी वादाचा विषय केला नाही. त्याची तालाची ओढ बोटांत तशीच राहिली. गल्ल्याच्या फळीवर तो ठेका धरी आणि बाबूजी नुसते वर पाहत.

बेस गिटार त्याच्याकडे आली ती कोणाला नको होती म्हणून. चंद्रपूरकडील एक वाद्यवृंद बंद पडला आणि त्यांचे सामान विकले जाऊ लागले. मास्तरांनी की-बोर्ड घेतला. सोबत एक चार तारांची, रंग उडालेली बेस गिटार जवळजवळ फुकट मिळाली. वनरक्षकांना गायचे होते, मेकॅनिकला ऑक्टोपॅडच हवा होता. उरलेल्या वाद्यापुढे उरलेला माणूस बसला. बेस वाजवणाऱ्यांच्या इतिहासात ही घटना नवी नाही. बीटल्स या इंग्रजी वाद्यवृंदाचा बेसवादक १९६१ साली वेगळा झाला, तेव्हा ती जागा घ्यायला इतर कोणी उत्सुक नव्हते. ती पॉल मॅकार्टनी यांच्याकडे आली. त्यांनी हॅम्बुर्गमधील दुकानात चौकशी केली. नामवंत फेंडर वाद्याची किंमत शंभर पौंडांच्या घरात होती, तर व्हायोलिनच्या आकाराचे हलके जर्मन हॉफनर सुमारे तीस पौंडांत मिळत होते. मॅकार्टनी डावखुरे. वाद्य दोन्ही अंगांनी सारखे असल्याने उलटे धरले तरी विचित्र दिसत नाही, हेही त्यांना पटले. त्यांनी तीस पौंडांचे वाद्य घेतले. १९७२ साली चोरीस गेलेले ते वाद्य २०२४ मध्ये त्यांना परत मिळाल्याची बातमी जगभर छापून आली. पैशाकडे पाहून केलेली खरेदी नेहमीच हलकी ठरते असे नाही, हे व्यापारी वाचकाला निराळे सांगायला नको.

या वाद्याची मुळातील गोष्टही जमाखर्चाशी नाते सांगणारी आहे. पूर्वी वाद्यवृंदात खर्जाचे काम डबल बेस करी. माणसाहून उंच, वाहून न्यायला अवघड, आणि पडदे नसल्याने बोट केसभर सरकले तरी स्वर बिघडवणारे असे ते वाद्य. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ साली पडदे असलेली, गळ्यात अडकवता येणारी, विजेवर वाजणारी बेस गिटार बाजारात आणली. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन’ ठेवले. हे फेंडर शिक्षणाने हिशेबनीस. काही वर्षे त्यांनी वह्या लिहिल्या, मग रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले; त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादकाला काय सोसावे लागते ते त्यांनी दुकानाच्या गल्ल्यावरून पाहिले आणि त्याप्रमाणे माल घडवला.

बेस गिटारच्या चार तारा म्हणजे साध्या गिटारच्या खालच्या चार तारांचेच स्वर, परंतु एक सप्तक खाली उतरलेले. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. एवढ्या खालचा स्वर कानाला सहज वेगळा काढता येत नाही, मात्र त्याने वरच्या सर्व स्वरांचा अर्थ बदलतो. की-बोर्डवर सा, ग, प हे स्वर एकत्र धरलेले असताना बेसने खाली षड्ज दिला तर ते प्रसन्न वाटतात. त्याच क्षणी बेसने मंद्र धैवत दिला तर वरचे बोट न हलताही तोच समूह उदास होतो. तंबोऱ्याची खर्जाची तार जाणकार का जपतात, हे ज्याने मैफल ऐकली आहे त्याला ठाऊक असते. बेसचे काम त्याच जातीचे, फरक एवढाच की ही तार गाण्यासोबत चालत राहते.

मुलाने शिक्षण घेतले ते ऐकून. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे बेसवादन त्याने पुनःपुन्हा ऐकले, मुंबईच्याच मोहिनी डे या तरुण बेसवादिकेचे वादन पाहून एक महिना हातपाय गाळले आणि पुन्हा सुरुवात केली. ऐकताना इअरफोन लागे. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून इतका खालचा आवाज निघूच शकत नाही. फोनवर गाणे ऐकणाऱ्याच्या लेखी बेस जणू अस्तित्वातच नसतो. ही साधी बाब पुढे भलत्याच वेळी उपयोगी पडली.

दोन वर्षांनी जुने वाद्य थकले. त्याची मान वाकली होती आणि तारा पडद्यांपासून इतक्या उंच गेल्या होत्या की दाबताना बोटे सोलत. येथील हवाच अशी आहे: मे महिन्यात अंगाची लाही, जुलैत भिंतींना ओल. लाकूड आकसते, फुगते आणि लांब मान त्यानुसार कलते. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. ती पाव फेरा फिरवली की मान सरळ होते. त्यासाठी लागणारी षट्कोनी चावी मेकॅनिककडे होतीच. दुचाकीच्या बोल्टवरचा त्याचा हात वाद्यावर बसायला वेळ लागला नाही. पण जुन्या गिटारची सळई गंजून बसली होती. नवे वाद्य घ्यायचे ठरले.

मग घरात आणि गोदामात जी चर्चा झाली ती कोणत्याही भांडवली खर्चाला लाजवील अशी होती. नामांकित कंपन्यांचे नवशिक्यांसाठीचे वाद्य वीस हजारांच्या आसपास मिळते. बाबूजींनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “सहा तारांची गिटार स्वस्त आणि चार तारांची महाग? हा कुठला हिशेब?” मुलाने सांगितले की लाकूड अधिक लागते, मान लांब, तारा जाड, आणि माल कमी खपतो. शेवटचे कारण बाबूजींना तत्काळ पटले. त्यांचा दुसरा प्रश्न अधिक नेमका होता. हे वाद्य नुसते वाजत नाही, त्याला आवाजाची पेटी लागते. तिची किंमत कोणी धरली? येथे बहुतेक हौशी वादक फसतात. सगळे पैसे वाद्यावर घालतात आणि मग ते लहानशा पेटीला जोडून खर्ज ऐकू येण्याची वाट पाहतात. सर्वांत खालच्या स्वराची एक लाट सुमारे आठ मीटर लांब असते; ती हलवायला मोठा पडदा आणि बऱ्यापैकी वीज लागते. वाद्याइतकेच पैसे पेटीसाठी बाजूला काढून ठेवावेत, हा व्यवहार त्या घराला समजावून सांगावा लागला नाही. गाडी घेताना डिझेलचा विचार करणारी ती माणसे.

आजींचा प्रश्न एकच होता. “यात कातडं आहे का?” मुलाने शोध घेतला. पट्टा कातड्याचा मिळतो तसा कापडी विणीचाही मिळतो. तारा पोलाद आणि निकेलच्या. आतड्याच्या तारा डबल बेसवर असत, या वाद्यात त्या चालतच नाहीत, कारण तारेखालच्या लोहचुंबकाला धातूच लागतो. मानेच्या टोकाशी ज्या पट्टीवर तारा टेकतात ती पूर्वी हाडाची करीत, आजही काही महाग वाद्यांत ती तशीच असते. सामान्य किमतीच्या वाद्यांत ती प्लॅस्टिकची येते. म्हणजे या एका बाबतीत तरी स्वस्त माल घरात येण्यास अधिक योग्य होता. आजींनी मान हलवली आणि त्या जपमाळेकडे वळल्या.

तारांचा प्रश्न उरला. बाहेरून गोल तार गुंडाळलेल्या तारा झणझणीत वाजतात, पण घामाने आणि ओलाव्याने लवकर मरतात. मेलेल्या तारा पाण्यात उकळल्या की त्यांच्या पिळांत अडकलेला मळ निघतो आणि त्या थोडे दिवस पुन्हा जिवंत होतात. मुलाने तो प्रयोग केला होता, स्वयंपाकघराबाहेर, आजींनी त्यासाठी वेगळ्या काढून दिलेल्या पातेल्यात. दुसऱ्या प्रकारच्या तारा सपाट पट्टीने गुंडाळलेल्या असतात. त्यांचा आवाज मऊ आणि बुटका, किंमत दुप्पट, पण त्या वर्षानुवर्षे टिकतात. अमेरिकेतील मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन अशाच तारा वापरीत, आणि तुटल्याशिवाय त्या बदलत नसत. पावसाळ्यात जेथे नाले भरून रस्ते बंद होतात तेथे टिकाऊपणाला वेगळा भाव असतो. तरीही मुलाचा कल झणझणीत तारांकडेच होता. वय तिशीचे; ऐकू यावे असे वाटणारच.

सर्वांचा सल्ला एकच पडला: घ्यायची तर पाच तारांची, बॅटरीवर आवाज वाढवणारी घे. आजकाल मोठमोठे वादक तीच वाजवतात. चंद्रपूरच्या एका परिचिताकडे तशी होती. पाहून तरी घ्यावे म्हणून सरस्वतीपूजेच्या कार्यक्रमासाठी मुलाने ती मागून आणली.

खोल वाजवणाऱ्या वृद्ध शेतकऱ्याला सगळे दादू म्हणतात. ते लहान असताना आईवडिलांबरोबर सीमा ओलांडून आले. खोल हे बंगाली कीर्तनाचे वाद्य; त्याचे अंग भाजलेल्या मातीचे असते, उजवी पुडी लहान आणि टणत्कारी, डावी मोठी आणि घुमणारी. मराठी कानाला त्याचे नाव फार समर्पक वाटते, कारण त्या डाव्या पुडीचा नाद खरोखरच खोल जातो. हे पथक जमले तेव्हा दादूंनी आपणहून येऊन विचारले होते, “माझं चालेल का?” बेस येण्यापूर्वीची दोन वर्षे या पाच जणांच्या संगीताचा तळ त्यांच्या डाव्या हाताने सांभाळला होता.

सरस्वतीपूजेची रात्र थंड होती. मैदानात भाड्याचे भव्य स्पीकर उभे होते. पाच तारांच्या गिटारमधून पहिला स्वर निघाला आणि पुढच्या रांगेतील मुलांनी छातीवर हात ठेवला. चित्रपटगीते झाली, लोक नाचले. मग बंगाली कीर्तनाच्या चालीवरचे एक गीत होते, ज्याची दोन कडवी खोलावरच उभी राहतात. मुलगा वाजवीत राहिला. खालचा दीर्घ स्वर वरच्या आवाजांना झाकतो. वरचा आवाज खालच्याला तितका झाकू शकत नाही, हा कानाचाच धर्म आहे. खोलाचा नाद उमटून लगेच विरणारा, बेसचा मात्र सुटल्यावर सगळी मोकळी जागा भरून टाकणारा. टाळ्या भरपूर पडल्या. येथवर कोणाच्याही लक्षात काही आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना मुलाने कार्यक्रमाचे चित्रीकरण मोबाइलवर लावले, इअरफोन न लावता. फोनच्या स्पीकरमधून बेस गेला. उरले गाणे, की-बोर्ड, ऑक्टोपॅड. आणि पहिल्या कडव्याच्या मध्यावर खोल थांबलेला स्पष्ट ऐकू आला. पडद्यावर दादू दिसत होते. त्यांनी खोल मांडीवरून उतरवून बाजूला ठेवला होता, गमछ्याने हात पुसले होते आणि गाणे संपेपर्यंत ते शांत बसून होते. त्यांच्या शेजारीच तो स्वतः उभा होता, डोळे मिटून वाजवत.

त्या आठवड्यात दादू तालमीला आले नाहीत. पुढच्याही नाही. उन्हाळी धानाची रोवणी आहे, असा निरोप आला. रोवणी होती हे खरेच. पण रोवणी मागच्या वर्षीही होती.

मुलगा एका रविवारी सायकलवर जुनी गिटार बांधून त्यांच्या गावी गेला. नवी नेली नाही, पेटीही नेली नाही. अंगणात तळ्याच्या बाजूला दोघे बसले. माफीचे शब्द कोणी काढले नाहीत; दादूंनी चहा आणवला आणि खोल घेतला. विजेशिवाय बेस गिटारचा आवाज शेजारी बसलेल्यालाच जेमतेम ऐकू जातो. दादूंची डावी पुडी घुमली की तो पूर्ण नाहीसा होई. ऐकू यायचे तर मुलाला दादूंच्या दोन आघातांमधली जागा शोधावी लागली, आणि त्या जागेत मावेल एवढाच आखूड स्वर द्यावा लागला. तासाभराने दादू म्हणाले, “तू सुरू छान करतो, बेटा. बंद करायला शिकलाच नाही.”

हा दोष हाताचा होता तसा वाद्याचाही होता. खरे पाहता तो जुना प्रश्न आहे आणि त्यावरचे उपायही जुने आहेत. फेंडरच्या आरंभीच्या बेसवर तारांच्या टोकाशी धातूचे झाकण असे आणि त्याच्या आत तारांना टेकणारा मऊ तुकडा. स्वर उमटावा पण लांबू नये, ही योजना. लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रणांतील प्रख्यात बेसवादिका कॅरोल के तारांवर फेल्टचा तुकडा ठेवीत. मॅकार्टनींचे पोकळ हॉफनर तर स्वभावानेच आखूड बोलणारे. पुढे झाकणे गेली, मऊ तुकडे गेले, आणि स्वर जितका लांबेल तितके वाद्य उत्तम अशी समजूत रूढ झाली. मुलाने नव्या वजनकाट्याच्या खोक्यातील स्पंजची एक पट्टी कापून तारांखाली सरकवली. आवाज ढोलासारखा बुटका झाला. कातड्याच्या वाद्याला पारखा झालेला तो, बारा आण्यांच्या स्पंजने तालवाद्याच्या अगदी जवळ येऊन बसला.

खरेदीचा निर्णय मग फिरला. त्याने चार तारांची, आखूड मानेची, बॅटरी नसलेली गिटार घेतली. साधारण बेसवर तारेचा वाजता भाग ३४ इंचांचा असतो, आखूड वाद्यात ३०. तारेचा ताण कमी, स्वर गोल. सपाट तारा घातल्या. पट्टा कापडी. वाचलेल्या पैशांत एक मध्यम आवाजाची पेटी आणि खोलासाठी स्वतंत्र दुसरा माईक घेतला. परिचिताची पाच तारांची गिटार पुसून परत केली. बाबूजींनी रक्कम लिहिताना लेखणी थोडी थांबवली, कारण खाते कोणते धरावे ते ठरेना. घसारा धरायचा का, असेही त्यांनी विचारले. मुलगा म्हणाला, चांगल्या वाद्याची किंमत जपले तर फारशी उतरत नाही. बाबूजींनी ‘किरकोळ’ लिहिले.

या निर्णयाने सर्व जण खूश झाले असे म्हणता येणार नाही. गणेशोत्सवात एका मंडळाच्या तरुणांनी स्पष्टच सांगितले की मागे छातीत धडधडत होते, या वेळी मजा आली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरे पथक बोलावले. वनरक्षकांना याचे वाईट वाटले आणि गोदामात त्यावर थोडी वादावादीही झाली. मेकॅनिकचे म्हणणे असे की लोकांना हवे ते द्यावे, दुकानातही आपण तेच करतो. त्याला कोणी समर्पक उत्तर देऊ शकले नाही. दादू मात्र आता दोन्ही रात्री येतात. हात पूर्वीइतका चालत नाही. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर डावा पंजा सुजतो, आणि अशा वेळी त्यांनी सोडलेल्या जागा मुलगा भरतो. कोणती जागा हाताने सोडली आणि कोणती त्यांनी मुद्दाम सोडली, हे ओळखणे त्याला अजून नेहमी जमत नाही.

श्रावणातील एका रात्री तालीम ऐन रंगात असताना वीज गेली. जंगलातून येणारी तार, वर वादळ. ती लवकर यायची नव्हती. की-बोर्ड बंद, ऑक्टोपॅड बंद, बेसची पेटी बंद. अंधारात खोल तेवढा चालू राहिला. मुलाने चाचपडत गिटारचे टोक साबणाच्या एका रिकाम्या लाकडी खोक्याला टेकवले. लाकडाला लाकूड लागले की तारेचा आवाज खोक्यात शिरतो आणि थोडा मोठा होतो. पोत्यांआड खालच्या स्वराचा मंद ठोका सुरू झाला. वनरक्षक गुणगुणू लागले. आतल्या घरातून बाबूजींनी हाक दिली, “झालं का रे, बंद करता का?” मेकॅनिक उठून मेणबत्ती शोधू लागला, मास्तरांनी काडेपेटी पुढे केली, आणि दादूंनी लय किंचित वाढवली.